भीमसरटांचे वारस आज कोठें आहेत?

विद्यार्थिमित्रहो, प्राचीन काळच्या प्रचंड प्राण्यांविषयीं तुमच्या मनांत जितकें कुतूहल असतें, तितकें दुसऱ्या एखाद्या विषयाबद्दल क्वचितच असेल. चित्रपट, चित्रांचीं पुस्तकें आणि खेळणीं यांच्या द्वारें डायनोसॉर हें नांव आतां पहिल्या इयत्तेंतील मुलाच्याही तोंडीं झालें आहे. या प्राण्यांस मराठींत भीमसरट असें नांव आहे व तेंच आम्ही येथें योजणार आहों. त्यांच्याविषयीं जो प्रश्न मुलें शिक्षकांस आणि आईबापांस वारंवार विचारतात तो असा कीं, भीमसरटांपैकीं आज एखादा तरी जिवंत आहे काय? निदान त्यांचे भाऊबंद तरी कोठें उरले आहेत काय?

या प्रश्नास घरोघरीं बहुधा दोन प्रकारचीं उत्तरें मिळतात. कोणी म्हणतो, "ते सारे केव्हांच मेले, आतां कोठले?" दुसरा म्हणतो, "मेले कसे? ही घोरपड पाहा, तो सरडा पाहा. हेच त्यांचे लहान झालेले वंशज." हीं दोन्ही उत्तरें चूक आहेत. खरें उत्तर तिसरेंच आहे, आणि तें इतकें जवळचें आहे कीं सकाळीं डोळे उघडण्यापूर्वींच तें आपल्या कानांवर पडतें. परंतु तें आधींच सांगून टाकण्यापेक्षां कोणत्या मार्गानें सिद्ध होतें हें समजून घेणें अधिक हिताचें. कारण नातें कशावरून ओळखावें हाच या पाठाचा खरा विषय आहे.

प्रथम भीमसरट म्हणजे कोण हें ठरवूं. इ. स. १८२५ मध्यें इंग्लंडांतील गिडिअन मँटेल नांवाच्या डॉक्टरानें कांहीं अश्मीभूत दांतांचें वर्णन प्रसिद्ध केलें. अमेरिकेंतील इग्वाना नांवाच्या सरड्याच्या दांतांशीं त्यांचें साम्य होतें, पण आकारानें ते कितीतरी पटींनीं मोठे होते. म्हणून मँटेलनें त्या लुप्त प्राण्यास इग्वानोडॉन, म्हणजे 'इग्वानाच्या दांतांचा', असें नांव दिलें. पुढें १८४२ मध्यें रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञानें इग्वानोडॉन व त्याच्यासारखे आणखी दोन प्राणी यांचा एक स्वतंत्र गट बांधिला व त्यास डायनोसॉरिया असें नांव ठेविलें. ग्रीक भाषेंत 'डायनोस' म्हणजे भयंकर आणि 'सॉरोस' म्हणजे सरडा. नांव रूढ झालें, आणि नांवाबरोबर एक गैरसमजही रूढ झाला. भयंकर सरडा म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढें कुंपणावरच्या सरड्याचीच वाढलेली मूर्ति उभी राहिली.

वस्तुतः ओवेननें हा गट निराळा काढला तो हे प्राणी साध्या सरड्यासारखे नव्हते म्हणूनच. सरडा, पाल किंवा घोरपड चालत असतां नीट पाहा. तिचे पाय अंगाच्या दोन्ही बाजूंस फांकलेले असतात, कोपरें बाहेर निघालेलीं असतात आणि पोट जमिनीस लागूं पाहतें. भीमसरटाचे पाय मात्र देवडीच्या खांबांसारखे सरळ अंगाखालीं असत. त्यामुळें तो अंग उचलून चालत असे. त्याच्या कमरेच्या हाडांत जेथें मांडीचें हाड बसतें, त्या खोबणीस आरपार भोंक असे. कमरेचे अनेक मणके एकमेकांस जुळून एकजीव झालेले असत. हीं लक्षणें ध्यानांत ठेवा. पुढें त्यांचा उपयोग आहे. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्या काळीं आकाशांत कातडी पंखांचे टेरोसॉर उडत होते व समुद्रांत लांब मानेचे प्लेसिओसॉर पोहत होते; चित्रांत ते एकत्र दाखवितात, तरी ते भीमसरट नव्हेत. भीमसरट हा सुमारें २३ कोटी वर्षांपूर्वीं उदयास आलेला जमिनीवरचा वंश होय.

हे प्राणी दूर परदेशांतच होते असेंही समजूं नका. इ. स. १८२८ मध्यें, म्हणजे ओवेननें नांव ठेवण्याच्या चौदा वर्षें आधीं, जबलपूरजवळ कॅप्टन स्लीमन यांस अशा प्राण्याचीं हाडें सांपडलीं होतीं. ठगांचा बंदोबस्त केल्याबद्दल इतिहासाच्या पुस्तकांत ज्यांचें नांव तुम्ही वाचतां तेच हे स्लीमन. त्याच हाडांवरून १८७७ मध्यें रिचर्ड लिडेकर यांनीं टायटॅनोसॉरस इंडिकस ही जात वर्णिली. आपल्या महाराष्ट्रांत चंद्रपूर जिल्ह्यांतील पिसदुरा हें गांव या शास्त्राच्या अभ्यासकांस सर्वत्र ठाऊक आहे. तेथील अवशेष शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं उजेडांत आणणाऱ्यांत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे प्रमुख होत. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजास त्यांचेंच नांव आहे. १८४५ मध्यें ते नागपुरास आले, त्यांनीं शाळा काढली, आणि शाळेचें काम संभाळून भोंवतालच्या प्रदेशांतील दगड, वनस्पति व प्राणी यांचे अश्मीभूत अवशेष जमविले. शिक्षकाच्या अंगीं जिज्ञासा असली म्हणजे तो केवढें काम करूं शकतो याचें हें उदाहरण आहे.

त्याच जिल्ह्यांतील डोंगरगांव येथें एका मोठ्या शाकाहारी भीमसरटाची मान, पाठ, शेंपूट, खांदा आणि पुढचा पाय यांचीं पुष्कळ हाडें मिळालीं. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधील पंडितांनीं १९९७ मध्यें त्यांचें वर्णन केलें. २००३ मध्यें त्या प्राण्यास इसिसॉरस असें जें नांव मिळालें, त्यांतील 'इसि' हीं त्या संस्थेच्याच नांवाचीं आद्याक्षरें आहेत. मध्य प्रदेशांतील धार जिल्ह्यांत ९२ घरटीं व त्यांत मिळून २५६ अंडीं सांपडल्याचें वृत्त २०२३ मध्यें प्रसिद्ध झालें. सारांश, ज्या भूमीवर आपण राहतों तीच या प्राण्यांची वीण होण्याची भूमि होती.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ज्या उत्तराचें आकर्षण सर्वांत अधिक, त्याचा विचार प्रथम करूं. एखाद्या निबिड अरण्यांत किंवा खोल तळ्यांत एखादा प्रचंड प्राणी अजून लपून राहिला असेल काय? स्कॉटलंडांत लॉक नेस नांवाचें एक लांब व खोल तळें आहे. पाण्यांतून वर आलेली एक लांब मान दाखविणारें त्याचें एक छायाचित्र १९३४ मध्यें छापून आलें, आणि पाहतां पाहतां तें जगभर गेलें. साठ वर्षांनीं, १९९४ मध्यें, त्यांतील कपट बाहेर पडलें: खेळण्यांतल्या पाणबुडीवर एक बनावट मान बसवून तो फोटो काढलेला होता. तें तळें सुमारें दहा हजार वर्षांपूर्वींपर्यंत बर्फाखालीं दबलेलें होतें. २०१८ मध्यें शास्त्रज्ञांनीं त्याचें पाणी ठिकठिकाणांहून घेऊन, त्यांत कोणकोणत्या प्राण्यांच्या शरीरांचे सूक्ष्म अंश आहेत हें तपासलें. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूसही लागला नाहीं. शिवाय लोक ज्या प्राण्याची कल्पना करीत होते तो प्लेसिओसॉर. म्हणजे मिळाला असता तरी भीमसरट नव्हेच.

यावर एखादा चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, "परंतु सीलाकांथ मासा मिळाला, त्याचें काय?" आक्षेप योग्य आहे. सीलाकांथ नांवाचा मासा भीमसरटांच्याच काळीं नष्ट झाला असें सर्व पंडित मानीत होते. १९३८ च्या डिसेंबरांत दक्षिण आफ्रिकेंतील ईस्ट लंडन या बंदरीं कोळ्यांच्या जाळ्यांत एक विलक्षण निळसर मासा आला. तेथील लहानशा संग्रहालयाच्या तरुण अधिकारी मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांनीं त्याचें वेगळेपण ओळखून तो राखून ठेविला, आणि पुढें प्रोफेसर स्मिथ यांनीं तो सीलाकांथ असल्याचें जाहीर केलें. म्हणून 'असें कधींच घडणार नाहीं' असें शास्त्र म्हणत नाहीं. तें पुरावा मागतें, आणि मिळाला तर मान तुकवितें. पण तो मासा खोल समुद्राचा रहिवासी होता, जेथें माणसाची दृष्टि क्वचितच पोंचते. जमिनीवरच्या हत्तीएवढ्या प्राण्याची गोष्ट वेगळी. एकच भीमसरट ६ कोटी ६० लाख वर्षें जगत राहूं शकत नाहीं. त्याचा कळप पाहिजे, कळपास चरण्यास रान पाहिजे, आणि पिढ्यान् पिढ्या मेलेल्यांचीं हाडें कोठें तरी राहिलीं पाहिजेत. त्या काळानंतरच्या खडकांत हत्ती, घोडे, उंट यांच्या पूर्वजांचीं हाडें विपुल मिळतात. प्रचंड भीमसरटांचीं मात्र मिळत नाहींत. तेव्हां मोठे भीमसरट नामशेष झाले हें मान्य केलेंच पाहिजे.

दुसरें उत्तर रूपसाम्याचें. घोरपडीची खरबरीत कातडी, लांब शेंपटी व लवलवणारी जीभ पाहून कोणासही भीमसरटाची आठवण व्हावी. इंडोनेशियांतील कोमोडो बेटावरची घोरपड तर दहा फुटांपर्यंत वाढते. न्यूझीलंडमध्यें टुआटारा नांवाचा एक सरड्यासारखा प्राणी आहे. त्याच्या कुळांतील बाकीच्या साऱ्या जाती नष्ट झाल्या, तो एकटा उरला. हे सर्व प्राणी जुन्या घराण्यांतले खरे. परंतु त्यांचें घराणें आणि भीमसरटांचें घराणें हीं भीमसरट जन्मास येण्याच्या पुष्कळच आधीं विभक्त झालेलीं आहेत. घोरपडीचे पाय आजही बाजूंस फांकलेलेच आहेत. आम्हीं वर सांगितलेलीं कमरेचीं लक्षणें तिच्या ठायीं नाहींत. देवमासा माशासारखा दिसतो म्हणून तो मासा होत नाहीं, आणि वटवाघूळ उडतें म्हणून तें पाखरूं होत नाहीं. तसेंच हें आहे.

आतां खऱ्या भाऊबंदांकडे येऊं. यांत पहिला मान मगरीचा. सांगलीकडील कृष्णेच्या पात्रांत किंवा महाडजवळच्या सावित्रींत वाळूवर ऊन खात पडलेली मगर तुमच्यापैकीं कांहींनीं पाहिली असेल. ती भीमसरटांची वंशज नव्हे, पण चुलत घराण्यांतली आहे. दोघांचे पूर्वज एकच होते, आणि सुमारें २५ कोटी वर्षांपूर्वीं त्यांच्या शाखा निराळ्या झाल्या. ही सोयरीक शरीराच्या आंत पाहिल्याखेरीज कळत नाहीं. पालीच्या व सरड्याच्या हृदयास तीन कप्पे असतात. मगरीच्या हृदयास चार असतात. मगरीच्या फुप्फुसांत हवा एकाच दिशेनें वाहते हें २०१० मध्यें प्रयोगानें दिसून आलें. मगरीची मादी अंडीं घालून निघून जात नाहीं. ती घरट्याची राखण करिते, आंतून पिल्लांचा आवाज ऐकूं आला म्हणजे माती उकरिते, आणि त्याच भयंकर जबड्यांत पिल्लांस अलगद धरून पाण्यांत नेऊन सोडिते. चार कप्प्यांचें हृदय, एका दिशेनें वाहणारी हवा, घरटें व पिल्लांची हांक ऐकणारी आई—हें सारें तुम्हीं आणखी कोठें पाहिलें आहे? पक्ष्यांच्या ठायीं. मगर ही घोरपडीपेक्षां कोंबडीला अधिक जवळची आहे, हें विधान ऐकण्यास विचित्र वाटतें, पण तें सत्य आहे.

यावरून उत्तर कोणत्या दिशेस आहे हें तुमच्या ध्यानांत आलेंच असेल. भीमसरटांचे चुलत भाऊ पाण्यांत आहेत. त्यांचे प्रत्यक्ष वारस झाडांवर, अंगणांत आणि आकाशांत आहेत. सर्व पक्षी हे भीमसरटांचेच वंशज होत.

हा शोध एका दिवसांत लागला नाहीं. जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांत सोलनहोफेन येथें अगदीं बारीक कणांचा चुनखडी दगड निघतो. छापखान्यांत शिळाप्रेसच्या कामीं तो वापरीत. त्यांत १८६० मध्यें एका पिसाचा ठसा मिळाला, आणि पुढच्याच वर्षीं पिसांसह एक सांगाडा उजेडांत आला. त्यास आर्किऑप्टेरिक्स, म्हणजे 'प्राचीन पंख', असें नांव मिळालें. त्याचें वय सुमारें १५ कोटी वर्षें. त्यास पक्ष्याप्रमाणें पंख व पिसें होतीं. पण जबड्यांत दांत होते, पंखांच्या बोटांस नखें होतीं, आणि शेंपटींत मणक्यांची लांब माळ होती. त्याच प्रकारच्या दगडांत कॉम्प्सोग्नॅथस नांवाचा कोंबड्याएवढा भीमसरट सांपडला होता. १८६८ च्या सुमारास टॉमस हक्स्ली यांनीं भीमसरट व पक्षी यांच्या हाडांची तुलना करून दोघांचें नातें फार निकटचें असल्याचें प्रतिपादन केलें.

परंतु चांगल्या सिद्धान्तालाही कसोटीस उतरावें लागतें. १९२६ मध्यें डेन्मार्कचे गेरहार्ड हायलमन यांचें पक्ष्यांच्या उत्पत्तीवरील पुस्तक इंग्रजींत प्रसिद्ध झालें. त्यांनीं दाखविलें कीं, पक्षी आणि मांसाहारी भीमसरट यांच्यांत पुष्कळ साम्य आहे. पण पक्ष्यांस गळ्याखालीं दोन फांट्यांचें हाड असतें, तें भीमसरटांत आढळत नाहीं. जें हाड एकदां नष्ट झालें तें वंशजांत पुनः कोठून येणार? म्हणून पक्षी त्यांचे वंशज नव्हेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. जवळ जवळ चाळीस वर्षें बहुतेकांनीं तोच प्रमाण मानिला. मग १९६४ मध्यें अमेरिकेंतील मोंटाना प्रांतांत जॉन ऑस्ट्रम यांस डायनोनिकस नांवाच्या चपळ भीमसरटाचे अवशेष मिळाले. त्याच्या हाताच्या मनगटाची रचना आर्किऑप्टेरिक्सच्या मनगटाशीं बारीकसारीक गोष्टींतही जुळते हें ऑस्ट्रम यांनीं सप्रमाण दाखवून दिलें. आणि तें दोन फांट्यांचें हाड? भीमसरटांत तें होतेंच. नाजूक असल्यामुळें बहुधा टिकत नव्हतें, आणि टिकलें तेथें ओळखलें गेलें नव्हतें. आतां तें अनेक मांसाहारी भीमसरटांत, प्रसिद्ध टिरॅनोसॉरसमध्येंसुद्धां, सांपडलें आहे. 'आढळलें नाहीं' आणि 'नव्हतें' या दोन वाक्यांत किती अंतर असतें, हें यावरून शिकावें.

उरलासुरला संशय चीन देशानें दूर केला. तेथील लिआओनिंग प्रांतांत १९९६ मध्यें सिनोसॉरोप्टेरिक्स नांवाच्या लहान भीमसरटाचा अवशेष जगापुढें आला. सुमारें साडेबारा कोटी वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या राखेनें आणि तळ्यांतील गाळानें त्याचें अंग असें झांकलें होतें कीं, त्यावरील मऊ लवही दगडांत उमटून राहिली. उडण्याची शक्ति नसलेल्या भीमसरटांस पिसांचें आवरण होतें! पुढें २०१० मध्यें त्या लवेंतील रंगाचे सूक्ष्म कण तपासून, त्याच्या शेंपटीवर तांबूस व पांढरे पट्टे होते असें शास्त्रज्ञांनीं दाखविलें. त्यानंतर त्याच प्रांतांत पिसांचे अनेक भीमसरट मिळाले आहेत. पिसें उडण्यासाठीं निर्माण झालीं नाहींत. आधीं तीं ऊब व शोभा यांच्या कामीं आलीं, आणि उडणें मागाहून आलें, असें आतां मानतात.

या इतिहासांतील एक प्रकरण आम्हांस विशेष बोधप्रद वाटतें. १९२३ मध्यें मंगोलियांतील गोबीच्या वाळवंटांत अमेरिकन संशोधकांस अंड्यांच्या एका घरट्यावर पडलेला एक भीमसरट मिळाला. अंडीं दुसऱ्याच एका जातीचीं असावींत असें गृहीत धरून त्या प्राण्यास ओव्हिरॅप्टर, म्हणजे 'अंडेंचोर', असें नांव देण्यांत आलें. सत्तर वर्षें तो बिचारा चोर म्हणून पुस्तकांत राहिला. १९९३ मध्यें त्याच वाळवंटांत तशाच प्रकारच्या एका अंड्याच्या आंत गर्भाचीं कोवळीं हाडें मिळालीं, आणि तीं त्या 'चोराच्या'च कुळांतील निघालीं! पुढें घरट्यावर पुढचे दोन्ही पाय पसरून, कोंबडी बसते तसा बसलेला त्याच कुळांतील एक प्राणी सांपडला. वाळूखालीं गाडला जाईपर्यंत त्यानें घरटें सोडलें नव्हतें. जो चोर ठरला तो खरोखर आपल्या अंड्यांची राखण करणारा होता. नियमामुळें नांव बदलतां येत नाहीं, म्हणून तो कलंक त्याच्या नांवांत अजून राहिला आहे.

आतां पुस्तक बाजूस ठेवून स्वयंपाकघरांत या. ज्यांच्या घरीं कोंबडी शिजते त्यांनीं आईची परवानगी घेऊन पुढील गोष्टी स्वतः पाहाव्या. पाय पाहा: पुढें तीन बोटें, टोंकास नखें, वर खवले. मांसाहारी भीमसरटांचीं पावलें दगडांत उमटलेलीं आहेत, तीं अशींच तीन बोटांचीं आहेत. पंखाचें टोंक सोलून पाहा: एकमेकांस जुळलेलीं तीन बोटें दिसतील. गळ्याखालचें दोन फांट्यांचें हाड काढा. हायलमन यांस जें अडलें तें हेंच. कमरेच्या हाडांत मांडीचें हाड जेथें बसतें तेथें बोट लावून पाहा. आरपार भोंक आहे. ओवेनच्या काळापासून जीं लक्षणें ठरत आलीं तीं सारीं तुमच्या ताटांत आहेत. दक्षिण अमेरिकेंत होआत्झिन नांवाचा पक्षी आहे. त्याच्या पिल्लांच्या पंखांस आजही नखें असतात व त्यांच्या आधारें तीं फांद्यांवर चढतात.

कोणी म्हणेल, "वंशज असतील, पण त्यांस भीमसरट कसें म्हणावें?" शिंद्यांचा मुलगा गांव सोडून मुंबईस गेला, धोतराऐवजीं पाटलोण घालूं लागला, म्हणून तो शिंदे राहत नाहीं काय? वंश हा पोशाखानें तुटत नाहीं. पक्षी हे भीमसरटांच्या कुळांतील अशी शाखा आहे कीं जिनें पिसांचा पोशाख ठेविला, दांत टाकले आणि आकाशांत घर केलें. म्हणून आजचे शास्त्रज्ञ 'भीमसरट नष्ट झाले' असें न म्हणतां 'पक्षी सोडून बाकीचे भीमसरट नष्ट झाले' असें म्हणतात.

तो नाश ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं झाला. सुमारें दहा किलोमीटर किंवा त्याहून अधिक रुंदीचा एक अवकाशांतील खडक मेक्सिको देशाच्या युकाटान किनाऱ्यावर आदळला. त्यानें पाडलेला सुमारें १८० किलोमीटर रुंदीचा खळगा आज जमिनीखालीं व समुद्राखालीं दडलेला आहे. अशा आघाताचा पुरावा १९८० मध्यें लुई व वॉल्टर आल्वारेझ या पितापुत्रांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुढें मांडिला. धूळ व काजळी यांनीं सूर्य झांकला, वनस्पति सुकल्या, आणि मोठीं शरीरें उपाशीं मेलीं. त्याच युगांत आपल्या दख्खनमध्यें भूमीच्या भेगांतून लाव्हा वाहत होता. सह्याद्रीचे कडे, वेरूळ व अजिंठ्याचीं लेणीं ज्यांत कोरलीं तो काळा पाषाण, हें सर्व त्या लाव्ह्याचेंच. या विनाशांतून पक्ष्यांच्याही अनेक शाखा वांचल्या नाहींत. जे वांचले ते बहुधा लहान, जमिनीवर राहणारे, आणि चोंचीनें कठीण बीं फोडून खाणारे असावेत असा तर्क आहे. मूठभर दाण्यांवर जगणारे टिकले आणि रानें फस्त करणारे गेले. आज त्यांच्या वंशांत सुमारें ११,००० जाती आहेत.

येथें पाठ संपविला असता. पण ज्या वारसांची आम्हीं ओळख करून दिली, त्यांचें पुढें काय होणार हा प्रश्न आपल्याच हातीं आहे. पांढऱ्या पाठीचीं गिधाडें कांहीं दशकांपूर्वीं आपल्या देशांत लक्षावधि होतीं. मेलेल्या जनावराभोंवतीं गांवोगांवीं तीं जमत, आणि मुंबईच्या पारशी समाजाचा अंत्यविधीही त्यांच्यावर अवलंबून होता. १९९२ नंतरच्या पंधरा वर्षांत दर हजारीं एखादेंच उरलें. गुरांच्या दुखण्यावर देण्यांत येणारें डायक्लोफेनॅक नांवाचें औषध हें त्यांचें विष ठरलें. तें दिलेल्या जनावराचें मांस खाल्लें कीं गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होत. कारण २००४ मध्यें कळलें, आणि २००६ मध्यें गुरांसाठीं त्या औषधास भारतांत बंदी झाली. माळढोकाची कथाही तशीच. त्याच्यासाठीं सोलापूरजवळ नान्नज येथें १९७९ मध्यें अभयारण्य करण्यांत आलें. पण माळरानें नांगरलीं गेलीं, विजेच्या तारा आड आल्या, आणि विणीच्या हंगामांत बहुधा एकच अंडें घालणारा हा पक्षी आज साऱ्या देशांत दीडशेच्या आसपास उरला आहे. आकाशांतून पडलेल्या पर्वतास जो वंश पुरून उरला, तो एका सुईनें आणि एका तारेनें संपावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

पालकांस आमची विनंति आहे कीं, "डायनोसॉर आतां आहेत का हो?" असें लेकरानें विचारलें तर "नाहींत" म्हणून त्यास वाटेस लावूं नये. त्यास अंगणांत न्यावें, दाणे टिपणारी चिमणी दाखवावी, आणि तिचे पाय नीट पाहावयास सांगावें. विद्यार्थ्यांनीं या सुटींत आपल्या गांवच्या पक्ष्यांची यादी करावी: कोणता पक्षी कोठें घरटें बांधितो, आणि आजोबांच्या वेळीं असलेला कोणता आतां दिसत नाहीं, हें वडील मंडळींस विचारून लिहून ठेवावें. ही यादी म्हणजे तुमच्या गांवांतील भीमसरटांची खानेसुमारीच होईल. आणि तिच्यांतील एकही नांव पुढील पिढीस खोडावें लागूं नये, यासाठीं काय करितां येईल, याचा विचार तेथूनच सुरू होईल.